हातांची टोपडी

मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, जी सकाळी आठनंतर उठतात. आणि दुसरी, जी पुण्याची असतात. दोघांशीही वाद घालण्यात अर्थ नसतो. मी मात्र पूर्ण गांभीर्याने सांगतो की संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, सत्तावन्न साल संपता संपता, लालबागेत अशी थंडी पडली होती की आमच्या चाळीच्या नळावर भांडणंसुद्धा बंद झाली होती. तोंडावरचा पदर काढायला कोणी तयार नसल्यामुळे बायका नुसत्या डोळ्यांनी भांडून घेत आणि कळशी उचलून चालू लागत. ही सगळी थंडी रात्रभर कुठेतरी जमा होऊन पहाटे माझ्या सायकलच्या दांड्यावर येऊन बसते, असा माझा तेव्हा समज होता. तो अजूनही गेलेला नाही.

माझे हात मुळातच गार. हा काही आजार नाही, ही घडण आहे. माझ्याशी हात मिळवलेला माणूस हटकून माझ्या प्रकृतीची चौकशी करतो. गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसात मी कारकून. मे महिन्यात डोकं चढलं की आमचे हेडक्लार्क मला बोलावून माझा तळहात आपल्या कपाळावर ठेवून घेत आणि डोळे मिटून म्हणत, "साटम, जरा राहू द्या." हा मान की अपमान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. एरवी या हातांनी माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते मुलगी झाल्यावर.

बकुळा पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे गिरगावात, गेली होती. आमची मुलगी मात्र रीतीसाठी थांबायला तयार नव्हती. ती आठव्या महिन्यातच आली. चाळीतल्या म्हाताऱ्यांनी हे ऐकून एकमेकींकडे पाहिलं. "सातव्यातलं जगतं," एक म्हणाली, "आठव्यातलं..." आणि पुढचं वाक्य न बोलता तिने मला चहा दिला. त्या चाळीत कोणी उगाच चहा देत नसे. 

बकुळाला जिथे ठेवलं होतं ते गिरगावातलं सूतिकागृह लहानसं होतं, आणि त्यावर सिस्टर कार्मेलिन यांचं राज्य होतं. या खोताच्या वाडीत राहायच्या. त्यांच्या डोक्यावरची ती पांढरी कडक टोपी पाहिली की मोठमोठे व्यापारी आपोआप चपला हातात घेत. पुरुषांना भेटायची वेळ पहाटे, डॉक्टरांची फेरी सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास. संध्याकाळ फक्त बायकांची. पहिली ट्राम मला तिथे नेऊन सोडीपर्यंत डॉक्टर आत गेलेले असत, म्हणून मी सायकल काढली. इतक्या साध्या गोष्टीतून पुढचं सगळं रामायण घडलं.

पहिल्या दिवशी मी खोलीच्या दारात गेलो. आत खाटेवर बकुळा होती आणि तिच्या शेजारी, गरम पाण्याच्या पिशव्यांच्या मध्ये, कापसाचा एक ढीग होता. त्या ढिगात कुठेतरी माझी मुलगी होती. मला तिचं लालसर कपाळ तेवढं दिसलं. मी पाऊल आत टाकणार, तेवढ्यात सिस्टर आडव्या आल्या.

"मिस्टर, हात."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि विंचू चावल्यासारखा सोडला.

"हा हात आहे की बर्फाची लादी? नो. आत नाही जायचं."

"मी तिला हात लावणार नाही, सिस्टर. नुसतं बघेन."

"सगळे बाप असंच बोलतात आणि सगळे हात लावतात. ऐका, मिस्टर. या बेबीला स्वतःची ऊब धरता येत नाही अजून. तुमचा हात लागला तर तो तिची ऊब घेईल. एवढीशी ऊब आहे. ती तुम्हाला पाहिजे काय?"

 मी दारातच उभा राहिलो. बकुळाने लांबूनच विचारलं, "जेवता ना वेळेवर?" मी म्हटलं, "जेवतो." अर्धा तास संपला. खरी चीड अशी की माझ्या सासूबाई, माझा मेहुणा, एवढंच काय, सासऱ्यांच्या दुकानातला हिशेबनीससुद्धा त्या मुलीला बोट लावून आला होता. जगात तिला हात न लावलेला एकच नातेवाईक उरला होता, आणि तो मी.

कोणी म्हणेल, जरा आधी जायचं, बाकावर बसायचं, हात काखेत घालून तापवायचे. केलं मी. माझे हात एकदा गार पडले की दुपारच्या जेवणाशिवाय उबेला येत नाहीत. कोणी म्हणेल, चालत जायचं. तेवढा वेळ नव्हता. धावत? अहो, गिरणीतला कारकून, डोक्याला टोपी, अंगात कोट, असा माणूस पहाटेच्या अंधारात लालबागेतून धावू लागला तर लोक आधी त्याला धरतात आणि मग काय चोरलंस म्हणून विचारतात. सायकलला पर्याय नव्हता, आणि सायकल हे वाहन असं की ते माणसाला दोन्ही हात वाऱ्यात पुढे धरायला लावतं. त्यात माझ्या सायकलच्या मुठींवरचं रबर कधीच निघून गेलेलं. लोखंडाशी माझी गाठ थेट पडत असे.

मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. पण चाळीत न सांगितलेली गोष्टच लवकर कळते. संध्याकाळी मी कामावरून आलो तो आमच्या मजल्याच्या गॅलरीत माझ्या हातांवर सभा भरली होती. लवू तांडेल, हा आमच्या शेजारचा विणकर, अध्यक्षस्थानी होता. त्याने माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि निकाल दिला.

"रघुवीरा, तुझ्या हातात रगात पोचणा नाय. दुसरा काय नाय. ओवो तापव, फडक्यात बांध आणि मुठीत धरून जा. माझ्या आवशीन बारा पोरां ह्याच शेकार वाढवल्यान."

त्या बारांतली जगली किती, हे विचारायचं मी टाळलं. ते दिवस असे होते की मी काही काही प्रश्न कोणालाच विचारत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवूच्या बायकोने तव्यावर ओवा भाजून दोन पुरचुंड्या बांधून दिल्या. त्या मुठीत धरून वर सायकलचा दांडा धरायचा, म्हणजे आठ बोटांचं काम चार बोटांवर. पण सांगायला आनंद वाटतो की गिरगावात पोचलो तेव्हा माझे हात गरम होते. चांगले गरम! मी ते विजयी मुद्रेने सिस्टरपुढे धरले. सिस्टरनी हात धरायच्या आधी नाक वर केलं.

"वास कसला?"

"ओव्याचा."

"माझ्या हॉस्पिटलात शेकधुरी चालणार नाही म्हणून मी सगळ्या सासवांशी भांडते, आणि तुम्ही ओवा आणता? धुवा. साबणाने."

नळ व्हरांड्यात होता. पाणी विहारच्या तळ्यातून रात्रभर नळातल्या नळात गारठत आलेलं होतं. मी हात धुऊन परत आलो, सिस्टरनी हात धरला, आणि आम्हा दोघांनाही काही बोलायची गरज उरली नाही. दारातून बकुळाने विचारलं, "हात?" मी मान हलवली.

यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. आमच्या चाळीतला दौलत माझगावच्या गोदीत कामाला होता. त्याने आदल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून तो कुठल्याही प्रश्नाकडे क्रमाने पाही.

"रघू, असं बघ. दुःख आहे," तो शांतपणे म्हणाला. "दुःखाला कारण आहे. तुझं कारण म्हणजे हा वारा आणि हा लोखंडी दांडा. कारण दूर केलं की दुःख जातं. तुला हातमोजे पाहिजेत."

हा पहिला सल्ला मला सुशिक्षित वाटला. मी दादरला जाऊन हातमोजे शोधले. एका दुकानदाराने अदबीने विचारलं, "जादूचे प्रयोग करता का?" दुसऱ्याने नाटकातल्या राजाचे, जरीचे हातमोजे काढून दाखवले. तिसऱ्याने मला खालून वर पाहिलं आणि "इथे कोण घालतंय हो?" असं म्हणून ज्या सहानुभूतीने मला दारापर्यंत पोचवलं, तिच्यामुळे मी चौथ्या दुकानात गेलोच नाही. मग दौलतनेच गोदीतून कोणा खलाशाचे जुने हातमोजे मिळवून आणले. कातड्याचे होते की कॅनव्हासचे, ते सांगता येणार नाही, कारण त्यांच्यावर डांबराचा थर होता. ते घातले की माझे हात भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांसारखे पुढे राहत. बोटं वाकत नसत. पण ऊब होती. दौलत म्हणाला, "ऊब पाहिजे की बोटं पाहिजेत?" मी ऊब निवडली.

इथे मी एक गोष्ट विसरलो, ती म्हणजे ब्रेक बोटांनी दाबावा लागतो. चिंचपोकळीचा पूल चढेपर्यंत हे लक्षात येत नाही. उतरताना येतं. पुलाच्या पलीकडे सरकारी दूधकेंद्रासमोर बाटल्या घेऊन लोकांची शिस्तीत रांग लागली होती. मी ओरडलो, "बाजूला व्हा!" मुंबईत हे वाक्य रांगेतल्या माणसाला सांगून बघा. एकही माणूस हलला नाही. सायकल मात्र ऐनवेळी एका खड्ड्यात अडखळली, वेग मोडला, आणि मी कोणालाही धक्का न लावता रांगेत बरोबर दुसरा जाऊन उभा राहिलो.

खरं तर या अचूकपणाचं कोणीतरी कौतुक करायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या मागचे एक पेन्शनर, ज्यांना सगळे अप्पा म्हणत होते, पुढे आले. गळ्यात मफलर, हातात दोन बाटल्या.

"ओ, शिकलेले दिसता. रांग दिसत नाही?"

"अहो अप्पा, ब्रेक लागला नाही."

"बरोबर पहिल्याच्या मागे लागला! मी चारपासून उभा आहे. थोडी तरी लाज?"

मी दूध न घेता रांग सोडतो आहे, हे पटवायलाच मला इतका वेळ लागला की सूतिकागृहात पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. हातमोजे काढले. हात उबदार होते आणि डांबराने काळेही होते. "धुवा" म्हणायच्या आधीच मी स्वतः नळावर गेलो. माझ्या स्वाभिमानाची एवढी तरी बूज मी राखली.

परतलो तेव्हा सिस्टरनी माझा हात धरलाच नाही. त्यांनी मला दारापासून जरा बाजूला नेलं.

"मिस्टर, बेबी कालपासून दूध ओढत नाही. चमच्याने घालतो तर बाहेर येतं." त्या नेहमीसारख्या ओरडत नव्हत्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "उद्या वेळेवर या. आणि हात गरम घेऊन या. मी तुम्हाला आत सोडणार. समजलं?"

मी समजलो.  आत बकुळा कापसाच्या ढिगाकडे बघत पडली होती. तिने त्या दिवशी "हात?" असंही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी गॅलरीत सभा भरली नाही. लवू आला, जरा बसला आणि उठून गेला. मग पलीकडच्या खोलीतल्या कालिंदीवहिनी आल्या. या शाळेत शिकवायच्या आणि विणकाम करायच्या. चाळीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर पहिलं टोपडं वहिनींच्या हातचंच असे.

"रघुवीरभाऊजी, मी तुम्हाला लोकरीचे करून देते. धुवायला नको, वास नको, बोटं वाकतात. सकाळपर्यंत होतील."

सकाळी मी ते हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. वहिनींना विणकामातली एकच वस्तू यायची. त्यांनी मला दोन टोपडी विणली होती. कडेला झालर, हनुवटीखाली बांधायचे बंद, सगळं यथासांग. मूठ आत घालायची आणि बंद मनगटाला बांधायचे. रंग काळा.

"पांढरी आणि गुलाबी लोकर संपली हो," वहिनी जरा ओशाळून म्हणाल्या. "काळी तेवढी उरते. बाळाला काळं कोण घालतं?"

रात्रभर जागून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी स्वतः माझ्या मनगटांना बंद बांधले, गाठी मारल्या आणि वर सवयीने गाठीवरून बोट फिरवलं. मला मनापासून भरून आलं. आणि खरं सांगतो, ऊब अशी की इतकी सुखी माझी बोटं जन्मात कधी नव्हती. मूठ वळत होती, ब्रेक लागत होता. मी निघालो.

आता त्या दिवशी काय होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सगळ्या गिरणगावाला ठाऊक होतं. दिल्लीहून कोणी मंत्री सांताक्रूझला उतरून परळ-लालबागवरून कोटात, म्हणजे फोर्टात, जाणार होते, आणि द्वैभाषिकाचा निषेध म्हणून त्यांना काळी निशाणं दाखवायची असं समितीने ठरवलं होतं. घराघरात काळी फडकी तयार होती. नाक्यानाक्यावर पोलीस होते. ज्याच्या अंगावर काही काळं दिसेल त्याला बाजूला घ्या असा हुकूम होता. आदल्या दिवशी म्हणे एका वकिलाचा कोट उतरवून ठेवून घेतला होता. मुलीच्या काळजीत मी दोन दिवस वर्तमानपत्र उघडलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, मुंबईसह व्हावा, असं मलाही मनापासून वाटत होतं. पण त्या पहाटे मला फक्त उजवीकडे वळायचं होतं.

लालबागच्या मोठ्या रस्त्यावरून चिंचपोकळीच्या पुलाकडे जायचं तर उजवीकडे वळावं लागतं. वळण्यापूर्वी सायकलस्वाराने उजवा हात बाहेर काढून इशारा द्यावा, असा नियम आहे. हा नियम पाळणारा मुंबईतला मी बहुधा एकटाच सायकलस्वार असेन. मी हात काढला. चांगला लांब, ताठ, उंच काढला. पहाटेच्या धूसर उजेडात, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, ते काळं टोपडं झालरीसकट वर गेलं.

 आधी समोरच्या चाळीतून एक आवाज आला, "आला रे आला!" मग दुसऱ्या मजल्यावरून एक काळं फडकं बाहेर पडलं, मग तिसऱ्या, मग सगळ्याच. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र... झालाच पाहिजे!" रस्ता दणाणला. मंत्र्यांचं विमान तेव्हा दिल्लीहून सुटलंही नसेल. रस्त्यावर एकच वाहन होतं, आणि ती म्युनिसिपालिटीची कचऱ्याची गाडी होती. तिला लालबागने अत्यंत शिस्तबद्ध काळी निशाणं दाखवली. गाडीचा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि तोही घोषणा देऊ लागला.

माझ्या सायकलचा मागचा कॅरियर कोणीतरी धरला. हवालदार बुधाजी होता. अंगाने रुंद, मिशीला तूप.

"ओ पुढारी, उतरा खाली."

"मी पुढारी नाही हो. मी उजवीकडे वळत होतो."

"सगळे पुढारी असंच बोलतात. चला चौकीत."

मला नेताना लोकांनी माझ्या नावाचा जयजयकार करायचा प्रयत्न केला; पण नाव कोणालाच माहीत नसल्याने "सायकलवाल्यांचा विजय असो!" एवढ्यावर भागवलं.

चौकीत फौजदारसाहेब चहा पीत होते. मंत्री यायच्या आधीच निशाणं दाखवली गेली, म्हणजे आता वर काय सांगायचं, या विवंचनेत ते होते. बुधाजीने माझे हात त्यांच्या टेबलावर ठेवले. फौजदारांनी पेन्सिलीने झालर उचलून पाहिली.

"हे काय आहे?"

"टोपडी," मी म्हटलं.

"कोणाची?"

"माझी."

"डोक्याला येतात तुमच्या?"

"हाताला घालायची, साहेब. माझे हात गार पडतात." आणि मग मी सगळं सांगितलं. मुलगी आठव्यातली आहे, दूध घेत नाही, सिस्टरनी आज आत सोडते म्हटलंय, वेळ निघून चालली आहे.  गिरणीतला कारकून परक्यासमोर रडत नाही, निदान टोपडी घालून तर नाहीच. पण मला ते आवरलं नाही.

फौजदारांनी कप खाली ठेवला. "मलाही दोन मुली आहेत," ते म्हणाले. "पण काळी वस्तू जप्त झाली, तर पंचनामा करावा लागतो. बुधाजी, पंच आणा दोन. लवकर."

बुधाजीने बाहेरून जे पहिले दोन सभ्य गृहस्थ आणले, त्यांतले एक मुकेच बसले आणि शेवटपर्यंत बोलले नाहीत. दुसरे दूधकेंद्रावरचे अप्पा. मला पाहताच त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या.

"या माणसाला मी ओळखतो! हा रांग तोडतो!"

"तो गुन्हा इथे नाही," फौजदार म्हणाले. "तुम्ही फक्त बघायचं आणि जे बघाल त्याच्यावर सही करायची."

"जे बघेन त्याच्यावरच करीन. जे बघेन ते सगळं लिहिलं असेल तरच करीन. मी कोर्टात नाझर होतो."

या वाक्याचं महत्त्व तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मुद्दा असा निघाला की अशा वस्तूने निशाण दाखवता येतं की नाही. फौजदार म्हणाले, "बुधाजी, दाखव बघू, याने कसा हात केला ते." बुधाजी कर्तव्याला चोख. त्याने माझं एक टोपडं सोडवून आपल्या मुठीवर चढवलं, मला बंद बांधायला लावले, आणि खोलीत जागा कमी म्हणून खिडकीतून हात बाहेर काढला. लांब, ताठ, उंच.

बाहेर चौकीसमोर माझ्या सुटकेसाठी शंभरेक लोक जमले होते.

"झालाच पाहिजे!" असा गजर झाला की टेबलावरचा कप थरथरला. "पोलीसदादा झिंदाबाद!" बुधाजीने हात आत ओढला, पण कोणीतरी बाहेरून त्याला हार घातला होता, तोही मनगटाबरोबर आत आला.

 अप्पांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"लिहा," ते म्हणाले. "हवालदाराने सरकारी चौकीच्या खिडकीतून काळं निशाण दाखवलं. फौजदारांच्या हुकमावरून."

"अप्पासाहेब..." फौजदार म्हणाले.

"मी पाहिलंय. लिहा."

फौजदारांनी बुधाजीकडे पाहिलं, बुधाजीने हाराकडे पाहिलं. मग फौजदारांनी समोरचा कागद शांतपणे फाडला. "इथे काही घडलेलं नाही," ते मला म्हणाले. "तुम्ही जा. टोपडी राहू देत इथेच. सायकल मात्र गाडीतून वरच्या कचेरीत गेली आहे, ती उद्या मिळेल. जा म्हणतो ना!"

मी धावलो. कोट, टोपी, सगळ्यासकट धावलो. पुलावरून, सातरस्त्यावरून, लॅमिंग्टन रोडवरून. चौकीतून पळणारा माणूस पाहून लोकांनी मला धरलं नाही. उलट दुकानांच्या फळ्या उघडणारे ओरडत होते, "पळा, पळा!" एका बाईने आपलं दार उघडून सांगितलं, "आत या भाऊ, मागच्या बाजूने वाट आहे." त्या दिवसांत मुंबईत पोलिसांपुढे पळणाऱ्याला हजार घरं होती. मला त्या बाईला सांगायचं होतं की मी चळवळीसाठी नाही पळत. पण श्वास नव्हता, आणि मी नमस्कार करून पुढे गेलो.

सूतिकागृहात पोचलो तेव्हा ऊन जिन्यावर आलं होतं. वेळ केव्हाच टळली होती. सिस्टर कार्मेलिन खोलीच्या दारात उभ्या होत्या. मी दोन्ही हात पुढे केले. धावून धावून ते असे तापले होते, असे तापले होते, की मलाच ते दुसऱ्याचे वाटत होते. जन्मात पहिल्यांदा माझे हात आपले आपण गरम झाले होते.

सिस्टरनी हातांकडे पाहिलंही नाही. त्या दारातून बाजूला झाल्या.

"या, मिस्टर."

मी उंबऱ्यातच थांबलो. हात न बघता त्या मला आत सोडत होत्या. आता कोणाची ऊब कोणी घेतली तरी काही फरक पडत नाही, असा याचा अर्थ मी केला. "सिस्टर," मी म्हटलं, "हात बघा ना. एकदा बघा. गरम आहेत."

"असू देत."

"अहो, बघा तरी!"

सिस्टरनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना माझं तोंड दिसलं. "ओ माय गॉड, नाही, मिस्टर, नाही!" त्यांनी माझा दंड धरला. "तसं नाही. पहाटे दूध ओढलं तिने. दोनदा. आता ओरडते पण. आता थोडा गार हात लागला तरी काय नाही होत तिला. या, या आत."

मी आत गेलो. कापसातून एक एवढासा हात बाहेर आला होता, माझ्या बोटाच्या एका पेराएवढा. मी बोट पुढे केलं. तिने ते धरलं. धरलं म्हणजे तिच्या मुठीत ते मावलं नाही, पण तिने प्रयत्न केला. त्या प्रयत्नाने मला सगळं भरून पावलं. मी रडलो आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

"टोपडी कुठेयत?" बकुळाने विचारलं. गिरगावपर्यंत टोपड्यांची बातमी पोचली होती; वहिनींनी तिच्या भावाकडे निरोप पाठवला होता.

"पोलिसांत जमा आहेत."

ती हसली. हसताना तिचे डोळे खोल गेलेले मला दिसले. सगळी रात्र तिने एकटीने त्या ढिगाकडे बघत काढली होती. गॅलरीत माझ्या हातांवर सभा भरत होत्या, वहिनी माझ्यासाठी जागल्या होत्या, लालबाग माझ्यासाठी ओरडलं होतं. तिला मात्र आम्ही सगळे जेवलीस का एवढंच विचारत होतो.

"खरंच गरम आहेत?" तिने विचारलं.

"खरंच."

"मग एक तिच्याकडे असू दे," ती म्हणाली, आणि तिने चादरीतून आपला हात बाहेर काढला. "दुसरा इकडे आणा."

मी तिचा हात धरला. तो बर्फ होता, माझ्या हातांपेक्षाही गार. "केव्हापासून गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही घट्ट धरा आधी." मी धरला. सिस्टर कार्मेलिननी डॉक्टरांची फेरी बाहेरच थांबवून ठेवली.